हाताला हात लावा

माझ्या नावावर सध्या तीन हकिकती फिरत आहेत. तिन्ही खोट्या आहेत, आणि सांगणाऱ्यांपैकी एकानेही मला नीट विचारलेले नाही.

पहिली हकिकत अमरावतीच्या पुरोहितमंडळींतली. राजापेठेतले माझे एक सन्माननीय सहकारी मुंजीच्या पंगतीत पान वाढून होईपर्यंत ती सांगतात. म्हातारपणी माझी बुद्धी फिरली आणि मी अकोल्याला जाऊन दोन बायकांचे लग्न लावून आलो, असा तिचा सारांश. दुसरी एका तरुण बातमीदाराची. त्याने दूरध्वनीवर मला प्रश्न विचारले, एकाही उत्तराला शेवटापर्यंत जाऊ दिले नाही आणि दुसऱ्या दिवशी मी परंपरेविरुद्ध बंड पुकारणारा पुरोहित झालो. तिसरी हकिकत माझ्या मुलाची आहे. तो पुण्यात असतो. आपल्या कचेरीत बापाविषयी सांगण्यासारखे त्याच्याजवळ आजवर काही नव्हते. आता तो मला आठवड्यातून एकदा फोन करून म्हणतो, "बाबा, तुम्ही काळाच्या पुढे गेलात!" मी काळाच्या पुढे गेलो नव्हतो. मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो होतो, आणि तेही वास्तुशांतीला.

तेव्हा जे घडले ते मीच लिहून ठेवतो. मी जन्मभर पौरोहित्य केले, वयाची ऐंशी जवळ आली, आणि माझ्या कामाविषयी माझ्याहून अधिक माहिती इतरांना असावी हे मला मान्य नाही.

बाहेरच्या माणसाला आमच्या व्यवसायाची फार थोडी कल्पना असते. लग्न म्हणजे मंगलाष्टके आणि अक्षता असे त्याला वाटते. अक्षता पडल्या की मंडळी पंगतीकडे धावतात. वस्तुतः लग्न त्यानंतर लागते. कन्यादान, लाजाहोम आणि सप्तपदी हे सारे आम्ही बहुधा रिकाम्या खुर्च्यांसमोर करतो. समोर दोन थकलेली मुले, त्यांचे कंटाळलेले आईबाप आणि "गुरुजी, जरा आवरतं घ्या" असे मागून सांगणारा एक मामा. वराला एक पाऊल टाकायला सांगावे तर तो खिशातला फोन चाचपत असतो. तरीही कायदा त्या पावलांवर उभा आहे. मोठमोठ्या वकिलांना नाइलाजाने माझ्यासारख्याकडे यावे लागते ते यासाठी, की सातवे पाऊल पडले की नाही हे सांगणारा माणूस पुष्कळदा एकच असतो.

मला एकदा अमरावतीच्या न्यायालयात याच कारणासाठी बोलावले होते. लग्न मोठ्या सभागृहात, थाटात झालेले. पुढे दोघांचे बिनसले आणि मुलाने दावा केला की लग्न झालेच नाही. सप्तपदीच्या वेळी वीज गेली होती, गोंधळात विधी राहून गेला, सबब ही माझी पत्नी नव्हे. मुलीला या एका वाक्याने कोणत्याही नावाशिवाय घरी परत पाठवण्याचा तो बेत होता. मुलाच्या वकिलांनी मला उलटतपासणीत विचारले, "गुरुजी, अंधारात तुम्हाला पावलं दिसली कशी?"

मी म्हटले, "वकीलसाहेब, समोर होम पेटलेला होता. तुमच्या वेळी पेटवला नव्हता का?"

न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिण्याचे सोंग केले. माझी साक्ष टिकली. लग्न झाल्याचे ठरले. बाहेर आलो तेव्हा माझ्या शब्दाने पतिपत्नी ठरलेली ती दोन माणसे व्हरांड्याच्या दोन टोकांना उभी होती, आणि मधल्या बाकावर दोन्ही बाजूंच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. मी खरे बोललो होतो. त्या मुलीचा हक्क त्या खऱ्यामुळे वाचला, याचा मला आजही अभिमान आहे. पण त्या व्हरांड्यातून जाताना मान वर करून चालावेसे वाटले नाही, हेही खरे आहे.

आता अकोल्याकडे येतो.

दर्यापूरचे एक घराणे माझ्या वडिलांपासून आमच्याकडे आहे. त्या घरचे माधवराव आणि त्यांची धाकटी बहीण शैला. माधवरावांचे लग्न मी लावले. शैलाताईंनी लग्न केले नाही. त्या अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्याबरोबर नलिनीताई नावाच्या परिचारिका राहत, तिशीपासून पुढे सबंध आयुष्य. सुरुवातीला लोक म्हणत, भाडे वाटून घेतात. नंतर म्हणत, एकमेकींना सोबत आहे. त्यानंतर म्हणेनासे झाले. नलिनीताईंच्या माहेरच्यांना मात्र सर्व काही फार लवकर कळले होते. त्यांनी मुलीचे नाव टाकले ते कायमचे.

दोघी एके दिवशी सकाळी माझ्याकडे अमरावतीला आल्या. शैलाताईंच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि त्या फार वाळल्या होत्या. माझ्या घराला तीन उंच पायऱ्या आहेत. त्या चढताना नलिनीताईंचा हात शैलाताईंच्या कोपराखाली गेला. शैलाताईंनी त्या हाताकडे पाहिलेही नाही. पायरीखाली जमीन असते तसा तो तिथे असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते.

"गुरुजी, घर झालं. कौलखेडच्या पुढं," शैलाताई म्हणाल्या. "वास्तुशांत करायची आहे. पाटावर आम्ही दोघी बसू."

"दोघी कशा बसाल? दांपत्य लागतं."

"घर दोघींचं आहे."

"घर कोणाचं ते तलाठी पाहील. पाट मी पाहतो."

नलिनीताई हसल्या. "मी म्हटलं नव्हतं तुला? गुरुजी वाकायचे नाहीत."

"आमच्यासारख्यांना लग्नाचा हक्क द्या म्हणून लोक न्यायालयात जाऊन आले," शैलाताई मला म्हणाल्या. "तिथं सांगितलं, हा संसदेचा विषय. संसद तर काही बोलूनच नाही राहिली. म्हटलं, तुमच्याकडे येऊन पाहावं. तुमचा कायदा त्यांच्याहून जुना. त्यात कुठं जागा असेल."

"जुना आहे म्हणूनच घट्ट आहे," मी म्हणालो.

हे उत्तर मला त्या वेळी चांगले वाटले होते.

वास्तुशांत म्हणजे काय ते इथे सांगितले पाहिजे. नव्या घरात राहायला जाण्यापूर्वी त्या जमिनीची, तोडलेल्या झाडांची, पाया खणताना मेलेल्या किड्यामुंग्यांची क्षमा मागायची आणि आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा पुरायची, असा हा विधी. त्याला पाटावर जोडपे लागते. यजमान अविवाहित किंवा विधुर असेल तर भाऊ-भावजय उसनी आणून बसवतात. पती अग्नीत आहुती देतो तेव्हा उजवीकडे बसलेली पत्नी आपल्या हाताची बोटे त्याच्या हाताला लावते. तेवढ्या स्पर्शाने ते कर्म दोघांचे होते. बायका बोलण्याच्या नादात विसरतात, म्हणून आम्ही मंत्राच्या मध्येच सांगत असतो, "हाताला हात लावा." माझ्या आयुष्यात मंत्रांखालोखाल मी सर्वांत अधिक वेळा उच्चारलेले वाक्य हेच असेल.

"तुमच्या दादा-वहिनींना बसवा," मी सांगितले. "शास्त्राला चालतं."

"ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे चालतं?"

"शास्त्र अबोला विचारत नाही."

मी पंचांग उघडले. मुहूर्त पाहीपर्यंत दोघींचे पाण्याच्या टाकीवरून सुरू झाले. टाकी स्वयंपाकघराच्या डोक्यावर ठेवल्याने ती गळणार, असे नलिनीताईंचे म्हणणे. "तुला सगळंच गळताना दिसतं," शैलाताई म्हणाल्या. "मिस्त्रीला विचार. रफीकभाई म्हणाले, गळणार नाही." "रफीकभाई तुला नाही म्हणत नाहीत म्हणून." "आणि तू हो म्हणत नाहीस म्हणून." हे भांडण मी ओळखतो. ते माझ्या घरी गेली कित्येक वर्षे वेगवेगळ्या विषयांवर चालू आहे. अशा जोड्यांविषयी दोन बाजूंनी बोलणाऱ्यांना मी मुद्दाम हे सांगतो. एक बाजू त्यांना पापी ठरवते आणि दुसरी त्यांना देवत्व देते. मी त्यांना टाकीवरून भांडताना ऐकले आहे आणि माझ्या समोर जे बसले होते ते एक सामान्य, मुरलेले जोडपे होते.

निघताना शैलाताई फाटकापर्यंत गेल्या. थर्मास राहिला म्हणून नलिनीताई परत आल्या. थर्मास त्यांच्या हातातच होता.

"गुरुजी, मुहूर्त जवळचा काढा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पुढच्या हंगामावर टाकू नका. तिला त्या घरात पाय ठेवायचा आहे."

परिचारिकेने सांगितलेले होते. मी पंचांग पुन्हा उघडले. जवळचा मुहूर्त काढून दिला.

त्या दिवसांत अशा लग्नांचा वाद घराघरांत चालला होता. आमच्या गल्लीत संध्याकाळी बाकावर बसणारे निवृत्त लोक ठामपणे सांगत की हे परदेशातून आलेले खूळ आहे. या दोघी अकोल्याबाहेर गेल्या त्या बहुतेक दर्यापूरपर्यंत. दुसरे काही विद्वान म्हणत, लग्नात एवढे काय ठेवले आहे, राहा की तसेच. असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांची लग्ने मी लावली आहेत. दवाखान्यात त्यांना कोणी अडवत नाही, निवृत्तिवेतन त्यांच्या मागे त्यांच्या बायकोला मिळते, घर कोणाचे हे त्यांना सिद्ध करावे लागत नाही. ज्याच्या ताटात आहे त्याने जेवणात काय ठेवले आहे असे म्हणू नये.

माझे मत कोणी विचारले तर मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. माझ्या विवाहविधीत वर आहे, वधू आहे, कन्यादान आहे. त्यात मी फेरफार करणार नाही. तो अधिकार माझा नाही. पण नोंदणी कचेरीत होम नसतो, मुहूर्त नसतो, कन्यादान नसते. तिथे दोन माणसे सही करतात आणि सरकार ठसा मारते. त्या टेबलापाशी माझ्या शास्त्राची ढाल पुढे करून या बायकांना परत पाठवण्याचे कारण काय, हे मला आजवर एकाही विद्वानाने समजावून दिलेले नाही. समजावणारा भेटला तर मी ऐकून घेईन. मात्र त्याने माझे बोलणे मध्येच तोडू नये.

वास्तुशांतीच्या दिवशी अकोल्याचे ऊन सकाळीच तापले होते. घर लहान, नीटनेटके. रफीकभाई मिस्त्रींनी आग्नेय कोपऱ्यातली फरशी मोकळी ठेवून खड्डा आधीच करून ठेवला होता. दारात दर्यापूरची मंडळी, शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या परिचारिका. शैलाताई भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या. नलिनीताई त्यांच्यामागे औषधाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. आपल्या घराच्या वास्तुशांतीत त्या दोघी पाहुण्यांसारख्या होत्या, आणि ती व्यवस्था माझी होती.

पाटावर माधवराव आणि पुष्पावहिनी. या दोघांचा अबोला का धरला गेला ते दर्यापुरात सर्वांना ठाऊक होते. पुष्पावहिनींची आई तिवस्याला शेवटच्या दुखण्यात होती. पेरणीचे दिवस, घरात माणूस नाही, म्हणून माधवरावांनी त्यांना जाऊ दिले नाही. आई गेली. त्या दिवसापासून वहिनी नवऱ्याशी बोलत नव्हत्या. स्वयंपाक करत, सण करत, त्याच्या शेजारी पाटावर बसत. बोलत नसत.

संकल्प झाला. वहिनींचा हात माधवरावांच्या हाताला लागला नव्हता. मला दिसले, मी दुर्लक्ष केले. होम पेटला. पहिली आहुती देण्याची वेळ आली.

"हाताला हात लावा," मी म्हटले.

वहिनींचा हात मांडीवर होता तिथेच राहिला.

"वहिनी, हाताला हात लावा."

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "त्याइच्या हाताले मी हात नाही लावत."

"बस न आता! लोक पाहून राहिले," माधवराव दबक्या आवाजात म्हणाले.

वहिनींनी तिकडे पाहिलेही नाही. त्या माझ्याशीच बोलत होत्या. "गुरुजी, त्याइले सांगा, लोकाइले पाहू द्या म्हणा. मले या घरी तुमीच देल्लं, म्हणून तुमच्यापुढं खोटं काम नाही होत माह्याच्यानं. माही माय तिवस्याले मरून राहिली होती, मले दाराबाहेर पडू नाही देल्लं यानं. अन् हे नलिनीबाई पाहा. कोणाची कोण? पण शैलाताईच्या उशापासून हटली नाही. घर याइचं. जीव याइचा. आमी काहून बसलो जी इथं?"

आणि त्या पाटावरून उठल्या. उठताना पदर पाटाच्या खिळ्यात अडकला. तो सोडवला, पाट हाताने पुसला, नलिनीताईंच्या दिशेने सरकवला आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

माधवरावांना तिथे एकट्याने बसणे शक्य नव्हते. त्यांनी उपरणे खांद्यावरून काढले, माझ्यासमोर ठेवले आणि घराबाहेर गेले. मी त्यांना दोष देत नाही. चारचौघांत ज्याच्या संसाराचा हिशेब असा मांडला जातो, त्याने बाहेर जावे हेच बरे.

यापुढचे जे आहे त्यावरच सगळ्या हकिकती रचल्या गेल्या आहेत. म्हणून सावकाश सांगतो.

आमच्या शास्त्रात आरंभ झालेले कर्म थांबत नाही. संकल्प सुटल्यावर घरात सुतक आले तरी ते पुरे करतात. माधवराव शैलाताईंचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. प्रतिनिधी उठला की मूळ धनी बसतो. यात बंड कुठे आहे? मी शैलाताईंना म्हटले, "या, बसा." राजापेठेतल्या माझ्या सहकाऱ्यांनी या नियमाविरुद्ध एक आधार काढून दाखवावा. मी त्यांची वाट पाहत आहे.

शैलाताई येऊन बसल्या. मी पळीत तूप दिले. पळी त्यांना पेलेना. तुपाचे थेंब नव्या फरशीवर पडले. आहुती होमापर्यंत पोचेना.

"नलू," त्या म्हणाल्या, "ये."

नलिनीताई हलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. सबंध खोलीने माझ्याकडे पाहिले. उजवीकडचा पाट रिकामा होता, आणि त्या पाटासाठी माझ्याजवळ नियम नव्हता. मी तो पुष्कळ शोधला. होमाच्या धुरात बसून माझे सगळे अध्ययन मी त्या एका क्षणी चाळून पाहिले, आणि काही हाती लागले नाही. त्यांना दूर थांबायला सांगितले असते तर कोणी मला नावे ठेवली नसती. आजारी बाईचा हात सावरायला बोलावले असते, तरीही कोणी काही म्हटले नसते. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या.

मी म्हटले, "नलिनीताई, पदर खोचा आणि बसा. हाताला हात लावा."

माझ्या बाजूने बोलणारे काही सज्जन सांगतात की गुरुजींनी रुग्णाला आधार द्यायला एका परिचारिकेला बसवले, त्यात विशेष काय. त्यांनी कृपा करून मला वाचवू नये. रुग्णाला आधार द्यायला मी "जरा धरा" म्हणतो. "हाताला हात लावा" हे मी सबंध आयुष्यात फक्त जोडप्यांना म्हटले आहे, आणि त्या दिवशीही मी तेच म्हटले, जाणूनबुजून, शुद्ध उच्चारात, मागच्या रांगेत ऐकू जाईल अशा आवाजात.

मंत्रातले एक अक्षर मी बदलले नाही. लग्न लावले नाही. माळा नव्हत्या, अंतरपाट नव्हता, सप्तपदी नव्हती. बातमीदाराने लिहिलेली फुलांची वेणी कोठून आली ते त्यालाच ठाऊक. दोघींनी मिळून आहुत्या दिल्या, दोघींनी मिळून प्रतिमा खड्ड्यात ठेवली आणि रफीकभाईंनी वर फरशी बसवली. नलिनीताईंनी एकदा छताकडे पाहिले. टाकी गळत नव्हती. शैलाताईंनी ते पाहणे पाहिले आणि त्या फार दिवसांनी मोठ्याने हसल्या, असे मला नंतर त्यांच्या शाळेतल्या शिक्षिकांनी सांगितले.

दोघी त्या घरात राहिल्या. पावसाळा संपता संपता शैलाताई गेल्या.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नलिनीताईंना विचारले गेले, "नातेवाईक कोण?" हा प्रश्न त्यांनी नोकरीत असताना दाराशी उभे राहून इतरांना विचारलेला होता. माधवराव दर्यापूरहून येईपर्यंत कागद थांबले आणि त्याही बाहेरच्या बाकावर थांबल्या. घराचे मृत्युपत्र शैलाताईंनी आधीच करून ठेवले होते, म्हणून घर राहिले. अग्नी माधवरावांनी दिला. तो भावाचा अधिकार आहे, मी नाकारत नाही.

तेराव्याला मी होतो. आमच्याकडे त्या दिवशी दुखवट्याचा आहेर होतो. ज्याचे माणूस गेले त्याला आप्त वस्त्र देतात, म्हणजे आता शोक आवरा आणि उठा. पुरुषाला टॉवेल-टोपी देतात. बाईचा नवरा गेला तर तिला लुगडे येते, आणि ते माहेरचेच असावे लागते. माहेरहून कोणी आले नाही, तर त्या बाईचे जगात मागे कोणी उरले नाही असा त्याचा अर्थ.

माधवरावांना टोप्या मिळाल्या. आत्येभाऊ, मामा, साडू, सगळे एकामागून एक उठून त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवत होते. ते भाऊ होते आणि त्यांना दुःख होते, यात शंका नाही. पुष्पावहिनी आत स्वयंपाकाचे पाहत होत्या. नलिनीताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जात होते. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, कारण त्यांना काही द्यायचे आहे असे कोणत्याही रीतीत नव्हते.

आमच्या व्यवसायातला एक नियम सांगायचा राहिला. पुरोहित घेतो. धोतर घेतो, उपरणे घेतो, दक्षिणा घेतो. यजमानाच्या घरी तो कधी देत नाही. हा नियम मी तोपर्यंत मोडला नव्हता.

आदल्या दिवशी अमरावतीत मी हिला घेऊन कापडाच्या दुकानात गेलो होतो. आमच्या संसारात साडी घ्यायला मी आपणहून निघालो, हे पाहून तिला माझ्या प्रकृतीची काळजी वाटली.

"कोणासाठी घेऊन राहिले?" ती म्हणाली.

"अकोल्याच्या नलिनीताईंसाठी. उद्या तेरावं आहे."

"अन् आपण कोण लागतो तिचे?"

"माहेरचे," मी म्हणालो.

दुकानदार घड्या उलगडत होता. मग तिने पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा हाताने बाजूला सारला. "मग पांढरी नको," ती म्हणाली. "माहेरहून पांढरी नेऊ नये." आणि तिने फिकट जांभळी निवडली.

ती साडी माझ्या झोळीत होती. टोप्या संपल्यावर मी आसनावरून उठलो. गुडघे आता सहज उचलत नाहीत, त्यामुळे मला उठताना सर्वांनी पाहिले. उंबऱ्यापाशी जाऊन मी साडी नलिनीताईंच्या ओंजळीत ठेवली. पुष्पावहिनी आतून आल्या, त्यांनी काही न विचारता साडीची घडी मोडली आणि नलिनीताईंच्या खांद्यावर पांघरली.

"गुरुजी, हे कुठलं?" नलिनीताईंनी विचारले.

"माहेरचं आहे."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. माणूस गेल्यापासून त्यांना कोणी रडताना पाहिले नव्हते, आणि मीही पाहिले नाही, कारण मी आसनाकडे वळलो होतो. मागून त्यांचा आवाज आला. "माहेर कोणतं म्हणून सांगू?"

"अमरावती सांगा," मी म्हणालो.

पुरोहितमंडळी, बातमीदार आणि माझा मुलगा यांपैकी एकाच्याही हकिकतीत ही साडी नाही. मी जे केले नाही त्याबद्दल मला शिव्या मिळतात आणि हारही मिळतात. जे केले ते त्या खोलीतल्या लोकांनी पाहिले, आणि बहुधा अर्थ कळल्यामुळेच त्याविषयी कोणी बोलले नाही.

यंदा दिवाळीला नलिनीताई आमच्याकडे येणार आहेत. हिने अनारसे आतापासूनच ठरवले आहेत. टाकी आमच्याही स्वयंपाकघरावर आहे, तेव्हा एक वाद नक्की होईल. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा त्या इथेच असतील. कोणाला माझ्याशी या विषयावर वाद घालायचा असेल तर त्याने अवश्य यावे, आधार घेऊन यावे, पायऱ्या सांभाळून चढावे. फक्त दुपारी येऊ नये. माहेरवाशीण झोपलेली असते.